इंगोले सरांचा हिरवागार बगीचा

नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव विचारतो, गाव विचारतो, फार तर कुणाकडचे म्हणून विचारतो. इंगोले सर सप्लाय विचारायचे. मंगरुळपीर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्या सकाळी स्टाफरूममध्ये माझा मोबाईल भिंतीला चार्जिंगला लावत होतो. कोपऱ्यातून एक उंच, काटकुळा गृहस्थ उठून आला, माझ्या हातातला चार्जर त्यानं उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "किती अँपिअरचा हाये?"

मी म्हणालो, "पांढरा आहे."

त्या गृहस्थानं चार्जर माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाला, "मराठी का?"

"हो."

"दिसूनच राह्यलं."

ते इंगोले सर. भौतिकशास्त्र शिकवायचे. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी कायमचा "मराठी" झालो. सगळ्या सहकाऱ्यांना ते विषयानंच हाक मारत. इतिहासाच्या बाईंना "अहो इतिहास" म्हणत आणि प्राचार्य अर्थशास्त्राचे होते म्हणून पाठीमागं त्यांना "अर्थ" म्हणत. वर सांगायचे की त्यांच्यात तो सोडून सगळं आहे. आपल्याला कुणी "भौतिक" म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे.

त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर असायचा. तारांना डाग देण्याच्या झाळकामानं शर्टांना बारीक बारीक भोकं पडलेली असायची, आणि उजव्या हाताची दोन बोटं पुढून इतकी भाजून निघालेली होती की मोबाईल ती ओळखत नसे. छोटी चौकोनी बॅटरी दिसली की ते ती सरळ जिभेला लावत, डोळे मिटत आणि "साडेसात" असं काहीतरी सांगत. खिशात मीटर असायचं, पण ते दुसऱ्यांची खात्री पटवायला. एकदा नवीन आलेल्या रसायनाच्या बाईंसमोर त्यांनी बॅटरी चाटली, आणि बाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी डबा वाटून खाणं बंद केलं.

मुलांची परीक्षाही ते अशीच करत. "पोरगं हुशार हाये, पन ग्राउंड नाई." "हिची वायरिंग चांगली हाये, सप्लाय कमी पडून राह्यला." पालकसभेत एका बिचाऱ्या बापाला त्यांनी असं काही सांगितलं, तर तो घाबरून म्हणाला, "सर, डॉक्टरले दाखवू का?"

आता त्यांचं मूळ वेड काय होतं ते सांगतो. इंगोले सरांना जगातली प्रत्येक गोष्ट मोजायची होती. टाकीतलं पाणी, खोलीतली उष्णता, मातीतली ओल, दुधाचा ताप. त्यासाठी ते सेन्सर मागवत. सेन्सर म्हणजे कंगव्याएवढ्या, कधी तर चिंचोक्याएवढ्या पट्ट्या. प्रत्येकीला तीन तारा. एक वीज आणणारी, एक परत नेणारी, आणि एक मोजलेलं सांगणारी. या परत नेणाऱ्या तारेला ते "ग्राउंड" म्हणत आणि तिच्याबद्दल देवघरातल्या आवाजात बोलत. बॅटरी बारा व्होल्टची, सेन्सरला लागणार पाच, म्हणून मध्ये एक नखाएवढा कन्व्हर्टर. तो बाराचे पाच करून देणार. सेन्सरनं सांगितलेलं आकड्यात आणणारा आणखी एक कन्व्हर्टर वेगळाच. हे सगळं जोडून शेवटी एका छोट्या पडद्यावर एक आकडा यायचा. तो आकडा आला की सर शांत व्हायचे. पडद्यावर आकडा आणि डोळ्यांसमोर वस्तू यांचं जुळत नसेल, तर चूक वस्तूची असे.

त्यांचा एक सिद्धांत होता. "सप्लाय एक, ग्राउंड एक." वेगवेगळ्या यंत्रांना वेगवेगळी वीज देणं त्यांना घर फोडल्यासारखं वाटायचं. जे काही जोडायचं ते एकाच बॅटरीवर, आणि सगळ्यांच्या परतीच्या तारा एकाच ठिकाणी बांधलेल्या. "मराठी, संसार कसा चालते? चूल एक असली तर चालते," असं ते मला समजावत. मी तेव्हा सडाफटिंग होतो, म्हणून मान डोलावत असे.

या सिद्धांतानं आमच्या महाविद्यालयाला पहिला दणका दिला तो टाकीच्या निमित्तानं. गच्चीवरच्या टाकीत सरांनी सेन्सर सोडला आणि प्राचार्यांच्या खोलीत दोन दिवे बसवले. पाणी असलं की हिरवा, संपलं की लाल. उद्घाटनाला नारळ फुटला. वीज कुठून घेतली? तासांची घंटा वाजायची तिथूनच, सप्लाय एक. झालं असं की घंटा वाजली की ती सगळी वीज ओढून घ्यायची, सेन्सरचा जीव कासावीस व्हायचा आणि प्राचार्यांच्या डोक्यावर लाल दिवा लागायचा. शिपाई वासुदेव आज्ञाधारक माणूस. लाल दिवा दिसला की तो मोटर सुरू करायचा. प्रत्येक तासाला टाकी वाहायची आणि जिन्यावरून पाणी थेट बारावीच्या वर्गात यायचं.

प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मीही हजेरीपटावर सही घ्यायला तिथंच उभा होतो.

"इंगोले सर, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी गडबड दिसते."

"मशीन बरोबर हाये, सर. घंटी चुकून राह्यली."

"घंटी?"

"लय करंट खाते ते. आपन घंटी बंद करून पाहू."

आणि आमच्या प्राचार्यांनी, ज्यांनी आयुष्यात कुठल्याही कागदावर पहिल्या झटक्यात सही केली नव्हती, घंटा बंद करण्याचा निर्णय जागच्या जागी घेतला. पुढं वासुदेव वर्गावर्गात जाऊन तास संपल्याचं तोंडी सांगू लागला. वासुदेवाला वाटेत चहा लागे, कुणीतरी ओळखीचं भेटे, त्यामुळं पहिल्या वर्गाचा तिसरा तास सुरू झाला तरी शेवटच्या वर्गाचा पहिलाच चालू असे. इतिहासाच्या बाई एकदा एकाच वर्गाला दोन युद्धं सलग शिकवून बसल्या. वरून तपासणीचे साहेब येणार असं कळलं तेव्हा कुठं घंटा परत लागली आणि टाकीचा सेन्सर निघाला. सरांनी तो फडक्यात गुंडाळून घरी नेला. दोन दिवस ते घंटेकडे मान वळवून पाहत नव्हते.

"वेगळी वायर ओढली असती तर?" मी विचारलं.

"वेगळी वायर म्हंजे हार झाली, मराठी."

घरी त्यांची सत्ता किती होती हे त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हाच समजलं. मंदा मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. आवाज असा की प्रार्थनेला त्यांच्या शाळेत माईक लागत नसे. मी आत पाऊल टाकलं तर त्या म्हणाल्या, "या भाऊ. बसा. पन त्या खुर्चीवर नोका बसू, तिथं सायबाचं बस्तान हाये." खुर्चीखालून तारांचा जुडगा गेला होता. दुसऱ्या खुर्चीवर बॅटरी बसली होती. मी दिवाणाच्या कडेला टेकलो.

त्या दिवशी सरांनी मला दुधाचं यंत्र दाखवलं. दुधाच्या पातेल्यात ताप मोजणारा सेन्सर, आणि दूध उतू जायच्या आधी बाहेरच्या खोलीत भोंगा वाजणार. कल्पना वाईट नव्हती. फक्त मिक्सर त्याच बोर्डावर होता. मॅडमनी चटणी वाटायला घेतली की भोंगा वाजे आणि सर असतील तिथून धावत येत. एकदा ते न्हाणीतून पंचा गुंडाळून आले ते जे दूध गॅसवर नव्हतंच ते वाचवायला, आणि नेमक्या त्याच वेळी मॅडमच्या शाळेतल्या दोन शिक्षिका ओट्याजवळ उभ्या होत्या. पुढं ज्या दिवशी दूध खरोखर उतू गेलं, त्या दिवशी कन्व्हर्टर तापून गप्प बसला होता.

"कन्व्हर्टर म्हंजे काय ते मले समजलं, भाऊ," मॅडम मला चहा देत म्हणाल्या. "चांगल्याचं वाईट करते ते कन्व्हर्टर."

सर हसले. असं कुणी बोललं की ते हसत, पण हसताना हातातल्या टेस्टरचं टोपण उगीच उघडझाक करत. आपलं ऐकून घेणारं घरात कुणी नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मुलगी लग्न होऊन गेली होती. ती फोनवर "बाबा, आता ठेवते" एवढंच म्हणायची. वर्गात मुलं गुणांपुरतं ऐकत आणि स्टाफरूममध्ये आम्ही गमतीपुरतं.

मॅडमचा इंझोरीच्या शिवारात संत्र्याचा बगीचा होता. त्यांच्या वडिलांनी लेकीच्या नावानं केलेला. सातबारा मॅडमचा, झाडं मॅडमची, विहीरही मॅडमची. त्या बगीच्यावर सरांचा किती दिवसांपासून डोळा होता. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत करार झाला, आणि हातात कपबशी घेऊन बसलेला मी त्याचा एकटा साक्षीदार.

"एक बहार देऊन राह्यली तुमाले," मॅडम म्हणाल्या. "आंबियाले फुल आलं तर तुमच्या तारा वावरात राह्यतीन. मी एक शब्द बोलनार नाई. पन फुल नाई आलं, तर सगळ्या तारा उपटून घरी आना, अन् बगीचा ठेक्यानं देऊन टाकीन. मंजूर?"

"मंजूर," सर म्हणाले. आवाज असा, जणू बोहल्यावर दुसऱ्यांदा उभे राहिले आहेत.

संत्र्याचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, पानं कोमेजतात, काही गळतात. मालकाला ते बघवत नाही, पण तो पाणी देत नाही. मग योग्य वेळी ताण मोडून पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. ताण बसला नाही तर झाड पानांतच रमतं. ताण किती द्यायचा आणि कधी मोडायचा यावर गावागावांत भांडणं आहेत. सरांनी ठरवलं की हे भांडण आकड्यानं मिटवायचं. झाडांच्या मुळाशी ओल मोजणारे सेन्सर पुरायचे. ओल झाडाच्या जिवावर उठेल इतकी कमी झाली तरच मोटर आपोआप घोटभर पाणी सोडेल, नाहीतर बंद. त्या बाजूला शेतीची वीज रात्रीच येत असे, तेव्हा हे सगळं माणसाशिवाय होणार होतं.

सुट्टीभर सर वावरात राबले. तारा अंथरल्या, माती ओढली. लाल तार संपली तेव्हा पिवळी घेतली, पिवळी संपली तेव्हा टेलिफोनची जुनी केबल सोलली आणि कुठली तार कशाची हे गाठी मारून लक्षात ठेवलं. मी एकदा मदतीला गेलो तर माझ्या हातातून त्यांनी पक्कड काढून घेतली. "तुमी कविता करा," म्हणाले.

प्रश्न राहिला विजेचा. बगीच्याला रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांचा त्रास, म्हणून कुंपणाला झटका मशीन होतं. वऱ्हाडात आता वावरावावरात असतं तसं. टक, टक, टक करत कुंपणाच्या तारेत दर क्षणाला झटका सोडणारं. त्याला एक सोलरची बॅटरी आणि जमिनीत ठोकलेली एक लोखंडी खुट्टी. डुकराच्या अंगातून जमिनीत गेलेला झटका या खुट्टीवाटे मशीनकडे परत येतो. सरांनी बॅटरी पाहिली, खुट्टी पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. सप्लाय एक, ग्राउंड एक. सेन्सरची वीज झटका मशीनच्या बॅटरीवरून घेतली, आणि सगळ्या परतीच्या तारांची वेणी घालून त्याच खुट्टीला करकचून बांधली.

शेजारच्या बगीच्याचे नामदेवभाऊ कुंपणापलीकडून पाहत होते. "सर, डुकराले करंट, अन् झाडालेबी करंट?"

"नामदेवभाऊ, हे सायन्स हाये."

"मंग बरोबर असन," नामदेवभाऊ म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले.

पौषात मी सरांबरोबर बगीच्यात गेलो. सगळ्या शिवारातली संत्री कशी रडवेली झाली होती, पानं दुमडलेली, झाडांखाली पाचोळा. आणि इंगोले सरांचा बगीचा! हिरवागार. तजेलदार. पानापानावर तेल चोपडल्यासारखी चमक. सर मळ्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "पाहून राह्यले ना?"

मी पाहत होतो आणि आत चालत होतो. चौथ्या पावलाला माझी चप्पल मातीत राहिली आणि पाय पुढं आला. काळी माती घोट्यापर्यंत चिखल झाली होती. सरांचे बूटही रुतले होते. ते एक पाय उपसून काढत, दुसरा रुतवत यंत्रं ठेवलेल्या झोपडीत गेले, पडदा हातात घेऊन आले आणि तिथंच चिखलात उभे राहून मला आकडा दाखवला.

"पाहा. कोल्डं ठक्क. थेंबभर पानी नाई."

"सर, आपण चिखलात उभे आहोत."

"हे वरचं हाये. याले स्थानिक ओल म्हनतात."

"घोट्यापर्यंत?"

"मराठी," ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "तुमचा पाय कॅलिब्रेट केलेला नाई."

मी वाकून चप्पल शोधू लागलो. आकडा मधून मधून उड्या मारतो हे सरांच्याही लक्षात आलं होतं. त्यावर त्यांनी उपाय शोधला होता तो म्हणजे सरासरी. उड्या मारणाऱ्या आकड्यांची सरासरी काढली की ती कोरड्याकडे झुकायची. कोरडं म्हटलं की मोटर झाडाच्या जिवावर दया करून रोज पाणी सोडायची. सर रोज सकाळी मोबाईलवर "मोटर चालू, मोटर बंद" असा निरोप वाचत आणि कृतार्थ होत.

बगीच्याची कीर्ती पसरली. लोक पाहायला येऊ लागले. नामदेवभाऊ तर कुंपणाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, तान नाई देला का?"

"देला ना. काटेकोर देला."

"मंग झाड काहून हासून राह्यलं?" आणि मग आवाज आणखी खाली आणून, "कोनतं औषध मारलं, मलेबी सांगा ना."

सरांनी औषध नसल्याचं सांगितलं, ते नामदेवभाऊंना मुळीच पटलं नाही. इतकं चांगलं औषध कुणी शेजाऱ्याला सांगतं का, असंच ते धरून चालले. गावात बोलवा झाली की मास्तरानं बाहेरून काहीतरी आणलं आहे. धनज गावचा एक माणूस तर मोटारसायकलवर रिकामी बाटली घेऊन आला होता.

फक्त मंदा मॅडम विरघळल्या नाहीत. रविवारी त्या आल्या, बांधावरून एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हिरवं गाईले दाखवा. मले फुल पायजे."

आणि फूल काही येईना. शेजारी नामदेवभाऊंनी ताण मोडला, पाणी सोडलं आणि त्यांची ती मरतुकडी झाडं अंग झाडून उठली. कळ्या आल्या. सर रोज सकाळी आपल्या झाडांच्या फांद्या वाकवून पाहत आणि कॉलेजात येऊन मला सांगत, "येऊन राह्यलं. जरा लेट हाये." त्या दिवसांत ते बॅटऱ्या चाटायचेसुद्धा विसरले. त्यांना बगीच्याच्या उत्पन्नाची पडली नव्हती. तारा निघतील ही भीती होती. उघड्या आभाळाखाली, चारचौघांना दिसेल असं त्यांच्या हातचं काहीतरी पहिल्यांदाच चालू होतं.

मग हुरड्याचा दिवस आला. मॅडमनी आपल्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना वावरात बोलावलं होतं. मला सरांनी बोलावलं, म्हणजे आपल्या बाजूनं एक तरी माणूस असावा म्हणून. आगटी पेटली होती, कणसं भाजत होती, तिळाची चटणी फिरत होती आणि कुंपणापलीकडून नामदेवभाऊंच्या फुलांचा वास इतका येत होता की एक बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या बगीच्याचा वास काय सुंदर येऊन राह्यला!" मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. ती बाई चटणी घेऊ लागली.

"अन् ते कुंपन बंद करा," मॅडम सरांना म्हणाल्या. "माह्या बाया हायेत. कोनाचा पदर लागला तं काय करता?"

सरांनी जाऊन झटका मशीन बंद केलं. टक टक थांबली. सर परत येऊन बसतात न बसतात तोच झोपडीत त्यांनी धोक्याच्या इशाऱ्यासाठी बसवलेला भोंगा किंचाळायला लागला. सर धावले. मी पाठोपाठ. पडद्यावर एका ओळीत सगळे सेन्सर एकच सांगत होते, ओल पूर्ण, पाणी जास्त, पाणी जास्त.

"सगळे एकदमच मेले," सर पुटपुटले. त्यांनी झटका मशीन सुरू केलं. टक, टक, टक. आकडे डळमळले आणि हळूहळू कोरड्यावर आले. भोंगा गप्प. त्यांनी मशीन बंद केलं. भोंगा. सुरू केलं, गप्प. बंद केलं, भोंगा. बाया हातातली कणसं तशीच धरून झोपडीकडे पाहू लागल्या. सर पाच-सहा वेळा तेच करत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी घाबरलो.

"मराठी! मराठी!" ते ओरडले आणि मला दंडाला धरून आगटीपाशी घेऊन आले. तिथं उकिडवे बसले, ताटातलं एक खाऊन झालेलं कणीस उचललं आणि त्याच्या दांड्यानं मातीत रेघा ओढायला लागले. "हे कुंपन. हे खुट्टी. झटका जमिनीतून या खुट्टीत परत येते. अन् मी काय केलं? माह्या सगळ्या सेन्सरचं ग्राउंड याच खुट्टीले बांधलं! मंग प्रत्येक टक्कीले सगळ्या सेन्सरच्या बुडाले लाथ! आकडा उडते, मी सरासरी काढतो, अन् मशीन म्हनते वावर कोल्डं! किती सोपं हाये! किती सोपं!"

इतकं सुंदर वर्गात शिकवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला, पांढऱ्या चार्जरवाल्याला, शब्दन् शब्द समजला. बाया नम्रपणे ऐकत होत्या आणि चावत होत्या. एकीनं बाजूच्या कणसाकडे हात नेला.

मंदा मॅडम हातात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे रोज पानी गेलं?"

"रोज!" सर अभिमानानं म्हणाले.

"अन् तान तुटला?"

"तुटला काय? बसलाच नाई! बसनार कसा, ग्राउंड जर..."

आणि ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा ऐकू आलं. हातातलं कणीस तसंच मातीत टेकलेलं राहिलं. मी आजवर त्या माणसाची जेवढी म्हणून चेष्टा केली होती, त्यातली त्या वेळी मला एकही आठवेना. सरांना काय करणं शक्य होतं? मशीन पुन्हा सुरू करायचं, भोंगा बिघडला म्हणायचं आणि गप्प बसून हुरडा खायचा. त्या वावरात कुणालाही कळलं नसतं. वर्ष उष्ण होतं, हवा वाईट होती, रोपच खराब होतं, सांगायला हजार कारणं होती. पण तेवढं त्यांना सुचलंच नाही. चूक सापडल्याचा आनंद झाला आणि तो त्यांनी ज्यांच्यापासून लपवायचा त्यांनाच वाटून टाकला. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि तितकंच कौतुक वाटलं.

मॅडम फक्त म्हणाल्या, "जेवा आता," आणि ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

पुढच्या पंधरवड्यात माझी दुसरीकडे नेमणूक झाली. निरोप घ्यायला म्हणून मी सरांच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारी म्हणाले, दोघंही वावरात आहेत. मी इंझोरीला गेलो. जाताना चार टोमणे मनाशी जुळवून ठेवले होते, कारण आमच्या दोघांत निरोप दुसऱ्या कुठल्या भाषेत घेतला असता तर सरांना संशय आला असता.

सर तारा उपटत होते. वाकून एकेक तार मातीतून सोडवायची, सेन्सर पुसून खिशात टाकायचा, गाठी सोडायच्या. मंदा मॅडम बांधावर बसून कोपराभोवती तारांचं वेटोळं घालत होत्या. बगीचा नामदेवभाऊंना ठेक्यानं दिल्याचं त्यांनीच मला सांगितलं. मॅडमनी डबा आणला होता, तो बाजूला ठेवलेला होता. सर माझ्याकडे पाहून "या मराठी" म्हणाले आणि पुन्हा वाकले. माझा एकही टोमणा बाहेर आला नाही.

शेवटची ओळ राहिली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सगळे नोका काढू. एक राहू द्या."

सर वाकलेलेच राहिले. "एक?"

"एकच. नामदेवभाऊले मी सांगतलं, एका झाडाची तार राह्यीन म्हनून. पन त्याचं ग्राउंड त्या मशीनच्या खुट्टीले नोका बांधू. त्याले वेगळी खुट्टी ठोका, अन् बॅटरीबी वेगळी घ्या."

सर सावकाश सरळ झाले. आपल्या बायकोकडे असं पाहत राहिले की जणू कुणी अनोळखी बाई बांधावर येऊन बसली आहे. हुरड्याच्या दिवशी बाया खात होत्या, मी मनात कळवळत होतो, आणि ही बाई हातात ताट धरून पूर्ण धडा ऐकत होती. मग त्यांनी विचारलं, "कोनत्या झाडाले ठेवू?"

"ते तुमी ठरवा. तुमाले समजते त्यातलं."

सरांनी खिशातला एक सेन्सर काढून पाहिला, तो ठेवला, दुसरा काढला. विहिरीजवळच्या झाडापाशी गेले, मातीत खोवला, चार पावलं मागं सरून पाहिलं, मान हलवली आणि परत काढला. मग बांधाकडच्या झाडाला. मग तिसऱ्या. तार त्यांच्यामागं फरफटत होती आणि ते प्रत्येक झाडाभोवती एक चक्कर मारत होते. मॅडमनी डब्याकडे बोट करून मला खुणेनं विचारलं, मी नको म्हणालो. माझी बस होती.

"सर, येतो मी," मी ओरडलो.

त्यांनी मागं न पाहता सेन्सर धरलेला हात वर केला आणि पुढच्या झाडाकडे गेले. रस्त्याला लागताना मी वळून पाहिलं. सरांचं अजून ठरलं नव्हतं, आणि मंदा मॅडम डबा न उघडता बांधावर त्यांची वाट पाहत बसल्या होत्या.